पाठाच्या तयारीला वेळापत्रकात जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षकांविषयी वर्तमानपत्रांत छापून येते ते बहुधा बदल्या, पटसंख्या आणि निकाल यांबद्दल. वर्गात पाऊल टाकण्याआधी शिक्षकाने काय करायचे असते, याची चर्चा क्वचितच होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीला शिकवते. हे पत्र त्याच कामासाठी वेळ मागायला लिहिते आहे.

डी.एड.ला आमच्याकडून सराव पाठ घोटून घेतले जात. घटक, उपघटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, मूल्यमापन, गृहपाठ असे रकाने आखायचे, जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंचपदीप्रमाणे, म्हणजे पाठाच्या पाच टप्प्यांप्रमाणे, पायऱ्या बसवायच्या आणि एका तासिकेसाठी रात्र जागवायची. त्या आखणीला मी कमी लेखत नाही, नवख्या माणसाला तिचा मोठा आधार असतो. पण नोकरीत आल्यावर तिचे उरते ते फक्त पाठ टाचण, म्हणजे वहीत लिहायची पाठाची थोडक्यात आखणी. वही भरली का, तारखा जुळतात का, सही झाली का, एवढेच पाहिले जाते. तयार टाचणांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरत असतात, त्या उतरवून काढल्या की वही पूर्ण. माझ्या सहकाऱ्यांना यात दोष देणे मला पटत नाही. वेळ तेवढाच, आणि तपासायला वहीच मागितली जाते.

खरी तयारी कशी असते, हे एका साध्या पाठावरून सांगते. हातच्याची वजाबाकी घ्यायची आहे. फळ्यावर पहिले उदाहरण ५८ वजा ३२ घेतले, तर बहुतेक मुले बरोबर उत्तर देतात आणि पाठ पुढे सरकतो. तेच ५२ वजा ३८ घेतले की काही पाट्यांवर २६ दिसते. त्या मुलाने एककांच्या घरात आठातून दोन काढलेले असतात, कारण मोठ्या संख्येतून लहान वजा करायची, हे त्याच्या मनात पहिलीपासून घट्ट बसले आहे. त्याच्या दृष्टीने त्याची रीत चोखच आहे. ‘नीट बघ’ असे दहादा सांगूनही ती बदलत नाही. त्याच्यासमोर दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवायच्या आणि म्हणायचे, यातून मला अडतीस काढून दे. तीन गठ्ठे तो चटकन उचलतो. मग आठ सुट्या द्यायच्या, तर जवळ दोनच. तो थांबतो, इकडे तिकडे बघतो आणि उरलेल्यांपैकी एका गठ्ठ्याचे रबर काढतो. हातचा त्याला तिथे कळतो. पण हे घडायला काड्या आदल्या दिवशी मोजून बांधलेल्या हव्यात, आणि फळ्यावर ५२ व ३८ हेच आकडे घ्यायचे हेही आधी ठरलेले हवे.

दशांश अपूर्णांकांचे तसेच. ०.७ आणि ०.३ यांत मोठा कोणता, असे विचारले तर कुणाचा गोंधळ उघड होत नाही. ०.७ आणि ०.६५ विचारले की ‘पासष्ट मोठे’ म्हणणारे हात लगेच वर येतात.

कोणते उदाहरण घ्यायचे, त्यावर मुलांची कोणती चूक येईल, ती आली तर हाताशी काय असले पाहिजे, या तीन गोष्टींना मी तयारी म्हणते. पाठ्यपुस्तक आणि शिक्षक हस्तपुस्तिका यांतून आशय मिळतो, पण माझ्या वर्गातली कोणती मुलगी कुठे अडेल ते कालच्या वह्या घेऊन बसल्याशिवाय समजत नाही. लाल खुणा करायला दहा मिनिटे पुरतात, चूक का झाली ते शोधायला बराच वेळ लागतो.

वरच्या वर्गांना विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना तर करून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. पानातल्या स्टार्चची चाचणी वाचायला सोपी वाटते. पण स्पिरिटमध्ये पानाचा हिरवा रंग पुरता उतरला नाही, तर आयोडीन टाकूनही निळा-काळा रंग नीट दिसत नाही. स्पिरिट थेट आचेवर ठेवले तर भडकू शकते, म्हणून ते गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवावे लागते. हे सगळे पहिल्यांदाच मुलांसमोर करायचे म्हणजे धोका आहे. द्विशिक्षकी शाळेची अडचण आणखी वेगळी. तिथे एका इयत्तेला शिकवताना शेजारच्या ओळीतली इयत्ता काय करत असेल, याचीही तयारी लागते.

एवढ्यासाठी वेळ कुठून आणायचा, असे कुणी विचारेल. कायद्याने तो केव्हाच दिला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत, आणि पूर्वतयारीचे तास त्यातच धरले आहेत. म्हणजे तयारी हे नोकरीतलेच काम आहे. याच कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. प्रत्यक्षात पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती, ‘आजच्या आज पाठवा’ म्हणून आलेले तक्ते यांत दुपारची सुट्टी आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ संपतो. तयारी उरते घरी, जेवणखाण आवरल्यावर. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, त्यांनी काय करायचे?

जपानमधल्या शाळांत शंभरहून अधिक वर्षे एक पद्धत चालत आली आहे. काही शिक्षक मिळून एकच पाठ बारकाईने आखतात, एकजण तो प्रत्यक्ष घेतो, बाकीचे वर्गात बसून मुले काय करतात ते टिपतात आणि नंतर त्यावर बोलतात. आपल्याला यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. आपल्याकडे केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटासाठी, शिक्षकांच्या शिक्षण परिषदा भरतात. त्यांतला बराच वेळ सूचना आणि परिपत्रके वाचण्यात जातो, ती कागदावर पाठवता येतील. त्याऐवजी एकाच इयत्तेच्या शिक्षकांनी त्या दिवशी पुढच्या महिन्यातला एक अवघड पाठ एकत्र बसून आखावा. या गटावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनीही शाळाभेटीत टाचणाच्या तारखा पाहण्याऐवजी विचारावे, की या पाठात मुले कुठे चुकतील असे वाटते, आणि त्यासाठी काय ठेवले आहे? माझी खात्री आहे, या प्रश्नाला उत्तर द्यायला बहुतेक शिक्षकांना आवडेल.

वेळापत्रकात प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे तयारीची तासिका लिहिली जावी आणि त्या वेळेत इतर कोणतेही काम सांगू नये, एवढी माझी शिक्षण विभागाकडे मागणी आहे. द्विशिक्षकी शाळेत मुलांना सोडून असा तास काढता येणार नाही. तिथे निदान शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास तरी माहिती पाठवण्याच्या कामातून मोकळा ठेवावा.

आपल्यालाही एक विनंती आहे. शिक्षकांनी एखाद्या पाठाची तयारी कशी केली, मुले कुठे अडली आणि त्यावर काय उपाय सापडला, हे लिहायला आपल्या अंकात अधूनमधून थोडी जागा द्यावी. भागाकार, जोडाक्षरे आणि नकाशावाचन या तीन विषयांवर इतर शिक्षकांनी काय करून पाहिले, हे वाचायला मी स्वतः उत्सुक आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा