आगीच्या भोंग्याला दिवा जोडण्याबाबत

मा. अध्यक्ष,
सप्रेम नमस्कार.

मी बी विंगमध्ये सहाव्या मजल्यावर राहते. चौथ्या वर्षी मेंदूज्वर झाला, त्यात माझे दोन्ही कान गेले. ऐकण्यातली तूट ७० डेसिबल किंवा जास्त असली की कायदा कर्णबधिर धरतो. माझ्या प्रमाणपत्रावर ९५ लिहिलंय. तरी आपल्या इमारतीतलं बरंच काही मला कळतं. ते कसं, हे आधी सांगते, म्हणजे माझी मागणी आपल्या लक्षात येईल.

पहाटे साडेपाचला पंप सुरू होतो, तो मला पलंगाच्या पायातून कळतो. फास्ट लोकल गेली की ओट्यावरच्या पेल्यातलं पाणी थरथरतं. मालगाडी असेल तर ती थरथर लांबते, तळपायांत उतरते. विसर्जनाचे ढोल थेट छातीत वाजतात आणि खिडकीच्या ग्रिलला हात लावला तर ताशाही सापडतो. तो दिवस मला फार आवडतो. विक्रोळी स्टेशनवर गाडीचा प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा झाली की मात्र लोकांच्या माना बघायच्या; सगळे एकदम पुलाकडे वळले की मीही धावते.

गेल्या महिन्यात मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट झालं, तेव्हा मी गवार निवडत होते. भोंगा वाजला, सगळे खाली उतरले. शेजारच्या काकूंनी माझी बेल दाबली, पण वीज गेलेली, त्यामुळे बेलचा दिवा लागलाच नाही. मला कळलं ते जळक्या वायरीच्या वासानं. खिडकीतून पाहिलं तर अख्खी विंग आवारात उभी, सगळ्यांची तोंडं वर माझ्या खिडकीकडे, आणि काकू दोन्ही हात हलवताहेत. मी जिना उतरले तेव्हा धूर दुसऱ्या मजल्यापर्यंत आला होता.

पंप कळतो, लोकल कळते, मग भोंगा का नाही? खालच्या पट्टीतला आवाज जमिनीतून, भिंतीतून अंगापर्यंत येतो. भोंगा तार, चिरका. साधारण १००० हर्ट्झच्या पुढचं त्वचेला जाणवत नाही. जीव वाचवायला बसवलेला आवाजच नेमका माझ्यापर्यंत पोचत नाही.

प्रत्येक लॉबीत भोंग्याबरोबर लुकलुकणारा, बॅटरीवर चालणारा दिवा बसवावा आणि एक वायर माझ्या घरात द्यावी. घरातला दिवा आणि झोपताना उशीखाली ठेवायचं थरथरणारं यंत्र, यांचा खर्च मी करेन. नवव्या मजल्यावरचे आजोबाही श्रवणयंत्र काढूनच झोपतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ मध्ये संकटकाळी समान संरक्षणाची तरतूद आहेच. पण मी हे शेजारी म्हणून मागते आहे.

वार्षिक सभेपर्यंत न थांबता येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा. मी येईन. चर्चा कोणी ग्रुपवर थोडक्यात लिहीत गेलं तर मलाही बोलता येईल. इलेक्ट्रिशियन पाठवण्याआधी फोन नको, मेसेज करावा.

आपली नम्र,
बी विंग, सहावा मजला