पाट्या बदलल्या आणि सुगडं संपली

सातारा,
रथसप्तमीची संध्याकाळ

प्रिय बंड्या,

तुझ्या छापखान्यातून तू दिलेलं कागदाच्या कटिंगच्या पट्ट्यांचं पोतं रिकामं झालं, हे आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचायला तुला हुरूप येईल. रिकामं झालं याचा अर्थ सगळा माल खपला असा मात्र घेऊ नकोस. थोडा खपला, बराचसा उगवला. उगवला म्हणजे खरोखरच उगवला, तेच तर सांगायचंय.

जिल्हा परिषदेच्या मैदानावर चार दिवस बागेचं प्रदर्शन होतं. नेहमीचंच, गुलाब, निवडुंग, बोन्साय आणि गावोगावचे रोपवाटिकावाले. हिने हौसेने कोपऱ्यातला एक गाळा घेतला आणि कापडावर रंगवून घेतलं, ‘पर्यावरणपूरक भेटवस्तू व पुस्तके’. पहिले गृहस्थ आले, पाटी पूर्ण वाचली आणि म्हणाले, “पेढे नाहीत का?” साताऱ्याहून काही न्यायचं तर कंदी पेढे, हे लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की आपण करवंटीची वाटी पुढे केली तर ते तिच्यात डोकावून बघतात.

मी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून बांबूचे दोनशे टूथब्रश मागवले होते. खोकं उघडलं तर एकेक ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत! बांबूची फक्त दांडी, केस नायलॉनचेच. रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही दोघं पिशव्या सोलत बसलो होतो आणि सकाळी ते सगळं घंटागाडीत टाकताना मला चोरट्यासारखं वाटत होतं. फोन केला तर तो म्हणतो, “साहेब, हायजीनसाठी लागतं.” पुढच्या वर्षी ब्रश नाहीत, विषय संपला.

आता तुझ्या पट्ट्या. त्यांचा बी घातलेला, मातीत टाकला की उगवणारा कागद करायचा होता. छापील वगळून कोऱ्या तेवढ्या रात्रभर भिजवल्या आणि मिक्सरमधून काढल्या. मिक्सर हिचा, त्यामुळे त्यावर जे बोलणं झालं ते पत्रात लिहीत नाही. लगद्यात बी शेवटी, हाताने मिसळायचं, नाहीतर पातं त्याचा चुरा करतं. चौकटीला मच्छरदाणी ताणून त्यावर लगदा पसरला आणि सावलीत वाळवला. आधी झेंडू घालून पाहिला, पण त्याचं बी काडीसारखं, कागदातून टोकं बाहेर येतात आणि पुस्तकाचं पान खरवडलं जातं. मग मोहरी आणि तुळस. पुस्तकात ठेवायच्या तीनशे खुणा कापल्या आणि खोक्यात भरून टेबलाखाली ठेवल्या.

शेजारी एक रोपवाटिकावाले काका होते. फार सज्जन माणूस, रोज पहाटे झारीने कुंड्यांना पाणी घालायचे. ते पाणी उताराने आमच्या टेबलाखाली येत होतं, हे तिसऱ्या दिवशी कळलं. खालच्या थरातली मोहरी टरारून आली होती. पांढरी मुळं एका खुणेतून दुसरीत शिरून सगळ्याची घोंगडी झालेली. उचलली तर सलग उचलली जाई. तुळस मात्र ढिम्म, तिला आठ-दहा दिवस लागतात. मी डोक्याला हात लावला, हिने ती घोंगडी ताटात घालून टेबलावर मांडली. दोन दिवस जो येईल तो “खरंच उगवतं का हो?” विचारत होता, ते विचारणं बंद झालं. लोक ताटाशी थांबायचे, बोटाने चाचपायचे. पण कोरड्या राहिलेल्या खुणांपैकी विकल्या गेल्या अकरा. मोजून अकरा!

सुगडांनी आम्हाला तारलं. संक्रांत झाली की कुंभाराकडची उरलेली सुगडं कोणी विचारत नाही, ती स्वस्तात उचलली होती. बुडाला भोक पाडून त्यात रोप लावायचं असा बेत. पहिल्या तिसातली नऊ तडकली. मग अक्कल आली की सुगड रात्रभर पाण्यात ठेवायचं, ओल्या वाळूवर टेकवायचं, ड्रिलचा ठोका बंद करायचा आणि आधी बारीक बिट लावून नुसतं फिरू द्यायचं, दाबायचं नाही. चिखलासारखं पाणी येत येत भोक पडतं. त्यात कोरफडीची पिल्लं आणि पानओव्याच्या फांद्या लावल्या. किंमत तीस रुपये.

पहिल्या दिवशी सहा गेली. दुसऱ्या सकाळी एक बाई आल्या आणि म्हणाल्या, “साठ मिळतील का? आमच्याकडे हळदी-कुंकू आहे. दरवर्षी ते प्लास्टिकचे डबे लुटायचे आणि लोकांकडचे तसलेच घेऊन यायचे, माळा भरलाय.” ही माझ्याकडे बघायला लागली. अरे, आम्ही इतके दिवस ‘स्मृतिचिन्ह, भेटवस्तू’ करत बसलो होतो आणि रथसप्तमीपर्यंत घरोघरी वाण लुटायचं असतं, हे आमच्या घरात कोणाला सुचलं नव्हतं. तिथल्या तिथे पाटी उलटी केली आणि खडूने लिहिलं, ‘वाणासाठी रोपासह सुगड’. तिसऱ्या दिवशी दुपारी सुगडं संपली. पर्यावरणपूरक हा शब्द त्यानंतर कोणी उच्चारला नाही, आम्हीही नाही.

पुस्तकांचं म्हणशील तर आंब्याच्या पेट्यांमध्ये मांडली होती. गच्चीवरच्या बागेची आणि परसबागेची हातोहात गेली. एका काकांनी दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ उचललं, महिन्यांची नावं चाळली आणि विचारलं, “यात कोणत्या महिन्यात काय लावायचं ते आहे ना?” मी खरं सांगितलं, हे ललित लेखांचं पुस्तक आहे. त्यांनी चैत्र उघडला, उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि काही न बोलता पैसे दिले. बरीच पुस्तकं मात्र प्लास्टिकच्या आवरणात सीलबंद येतात. एकेक प्रत फोडून ठेवली तेव्हाच ती हलली.

पुण्या-मुंबईचे पाहुणे सगळ्यात जास्त काय मागत होते, तर कासच्या फुलांचं बी. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, म्हणून त्याचं बी पाकिटात मिळायला हवं! जांभ्यावरच्या बोटभर मातीत वाढणारी ती झाडं. सीतेची आसवं तर ओल्या, निकस जमिनीत बारीक जीव पकडून पोट भरतात. खतावलेल्या कुंडीत ती जगायचीच नाहीत. समजावून सांगितलं तरी लोक हिरमुसून जायचे, हातात द्यायला काहीच नव्हतं.

म्हणून तुला काम सांगतोय. चार चित्रांची पोस्टकार्डं हवीत, पाचशे नग. वायतुरा हवाच, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’. पठारावरच्या डबक्यातून वर येणारा, बेचकीसारखे दोन फाटे असलेला त्याचा गुलाबी तुरा तू पाहिलायस, आपण भिजलो होतो तेव्हा. बाकीची सोनकी, सीतेची आसवं आणि टोपली कारवी. कारवीच्या मागे ‘सात वर्षांनी फुलते’ एवढंच छाप, लोक आपोआप हिशोब करत बसतील. कार्डशीट जाड, पण लॅमिनेशन अजिबात नको. तू म्हणशील रंग मारतो, बोटांचे डाग पडतात. पडू देत. कागदावर प्लास्टिक चिकटवून तोच कागद मी ‘निसर्गाची आठवण’ म्हणून विकणार नाही, ब्रशने पुरेसं शिकवलंय.

दर कळव, मित्राचा नको, धंद्याचा कळव. आणि कोऱ्या पट्ट्या आतापासूनच वेगळ्या टाकायला पोरांना सांग. मिक्सर यंदा तुझ्या घरचा.

वहिनींसाठी पानओव्याचं एक सुगड सांगलीच्या गाडीने पाठवतोय. नऊ तडकलेल्यांपैकी आहे, पण बांधलंय नीट.

तुझा,
आबा