तिकीट नंतर काढा, आधी कायदा करा

संपादक साहेब, नमस्कार.

भारतातून अंतराळ सहल निघणार, २०३० पर्यंत, तिकीट साधारण ६ कोटी, असं इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ २०२३ मध्ये बोलले होते आणि तेव्हापासून ती बातमी कुठं ना कुठं फिरतेच आहे. लोकांची चर्चा मात्र फक्त पैशांवर. अहो ज्याच्याकडे ६ कोटी असतील तो बघून घेईल, मला विचारायचंय की वर काही झालं तर जबाबदार कोण?

अमेरिकेत काय चाललंय बघा. तिथं २००४ च्या कायद्यानं विमान वाहतूक बघणाऱ्या एफएएला रॉकेटमधल्या गिऱ्हाइकाच्या सेफ्टीचे नियम करायलाच जवळपास बंदी घातली, का तर धंदा नवीन आहे, आत्ताच नियम लावले तर उभाच राहणार नाही. जमिनीवरच्या लोकांना धोका नको एवढं बघतात. आत बसणाऱ्याला कंपनी लेखी देते की या यानाला सरकारनं सेफ म्हणून सर्टिफिकेट दिलेलं नाही, तो सही ठोकतो, विषय संपला. सुरुवातीला ही सूट ८ वर्षांची होती, ती वाढवत वाढवत आता १ जानेवारी २०२८ पर्यंत नेलीय.

आणि धोका नुसता कागदावरचा नाही. ३१ ऑक्टोबर २०१४ ला व्हर्जिन गॅलॅक्टिक या अंतराळ सहलीच्या कंपनीसाठी बनवलेलं यान कॅलिफोर्नियात मोहावी वाळवंटावर टेस्ट फ्लाइटमध्येच तुटलं. खाली येताना वेग कमी व्हावा म्हणून त्याची शेपूट वर वळवतात, तिचं लॉक को-पायलटनं काही सेकंद लवकर उघडलं, हवेच्या जोरानं शेपूट आपोआप वळली आणि यानाचे तुकडे तुकडे. को-पायलट गेला, पायलट पॅराशूटनं वाचला. चौकशीत निघालं काय, तर एका माणसाची एक चूक एवढी महागात पडू शकते हे डिझाइनवाल्यांनी धरलंच नव्हतं!

मे २०२४ मध्ये आपले गोपी थोटाकुरा पर्यटक म्हणून ब्लू ओरिजिन कंपनीच्या रॉकेटमधून दहाएक मिनिटांत वर जाऊन आले, छान वाटलं. (शुभांशू शुक्लांचं अंतराळ स्थानकावर राहणं आणि ही वरखाली उडी एकाच मापात मोजू नका, प्लीज.) पण ते गेले अमेरिकेतून. आपल्याकडे स्पेस ॲक्टिव्हिटीज बिलाचा, म्हणजे अंतराळातल्या कामांसाठीच्या कायद्याचा, मसुदा २०१७ ला आला, तो अजून मसुदाच. २०२३ चं अंतराळ धोरण आहे, पण धोरण दाखवून कोर्टात भरपाई मिळते का? १९७२ चा नुकसानभरपाईचा आंतरराष्ट्रीय करार आहे म्हणावं तर तो दुसऱ्या देशात कुणाच्या डोक्यावर रॉकेट पडलं तर कामाचा, आपल्याच यानात बसलेला आपलाच माणूस त्यात येत नाही. साध्या एसटीच्या तिकिटातसुद्धा अपघात सहाय्यता निधीचा एक रुपया असतो हो.

तेव्हा बिल आणायचंच तर त्यात प्रवाशाचा विमा सक्तीचा करा, आणि अपघाताची चौकशी इस्रोनं किंवा कंपनीनं नाही, बाहेरच्या यंत्रणेनं करायची असं लिहून टाका. आपल्या पेपरनं महाराष्ट्रातल्या खासदारांना गाठून एवढं विचारावं की हे बिल कुठं अडकलंय.

आपला एक वाचक,
नाशिक