सफोकच्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधली मध्ययुगीन चर्चं पाहायला निघालेल्या माणसाच्या हातात आधी शैलींचा तक्ता पडतो. नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर ही नावं थॉमस रिकमन यांच्या 1817 सालच्या पुस्तकामुळे रुळली. तक्ता कामाचा आहे. गोल कमान आणि जाडजूड खांब म्हणजे नॉर्मन, अरुंद टोकदार खिडकी म्हणजे अर्ली इंग्लिश, इतकं त्यावरून पटकन कळतं. (कुलाब्याचं 1858 चं अफगाण चर्च याच अर्ली इंग्लिश वळणाचं आहे, त्यामुळे मुंबईकराला ही खिडकी अनोळखी नसते.) पण गावोगावच्या चर्चमध्ये भिंत 12 व्या शतकातली आणि तिच्यात बसवलेली खिडकी 15 व्या शतकातली असते. तिथे तक्ता फारसा उपयोगी पडत नाही. तुम्ही आम्हाला दोन प्रश्न दिलेत: या भागाचा खर्च कोणी केला, आणि यावर पडलेलं पाणी कुठे जातं? वास्तूजतनाचं काम शिकणाऱ्या आम्हा सगळ्यांना पूर्व इंग्लंडच्या सफोक-नॉरफॉक परगण्यांमधली चर्चं या दोन प्रश्नांमुळे समजायला लागली. म्हणून हे पत्र.

आधी खर्चाचं. पूर्वेकडचा चान्सेल, म्हणजे जिथे वेदी असते तो भाग, रेक्टरच्या, म्हणजे गावाचा धार्मिक कर घेणाऱ्या धर्मगुरूच्या, जबाबदारीचा आणि पश्चिमेकडचा नेव्ह, जिथे गावकरी बसतात तो, गावाच्या जबाबदारीचा. ही विभागणी तुम्ही सांगितलीत आणि एकाच इमारतीला दोन उंचीची, दोन काळांची छपरं का असतात ते लख्ख कळलं. लॅव्हनमला 15 व्या शतकाच्या अखेरीस कापडाच्या व्यापाऱ्यांनी आणि ऑक्सफर्डच्या अर्लने पैसा ओतला, नेव्ह भव्य झाला, मनोरा 141 फुटांवर गेला, आणि चान्सेल मात्र 14 व्या शतकातला होता तोच राहिला. लाँग मेलफर्डला तर वरच्या खिडक्यांच्या रांगेच्या बाहेरच्या अंगाला देणगीदारांची नावं आणि त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती दगडात कोरलेली आहे. चान्सेलची ती जुनी जबाबदारी अजून संपलेली नाही, हे तुम्ही अ‍ॅस्टन कँट्लो गावच्या खटल्यावरून दाखवलंत: 2003 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने) तिथल्या, पूर्वी रेक्टरच्या हक्काच्या असलेल्या शेतजमिनीच्या मालकांनाच चान्सेलच्या दुरुस्तीचा खर्च भरायला लावला.

भिंत कशी पाहायची, हे शिकवल्याबद्दल तुमचे विशेष आभार. त्या भागात बांधकामाचा चांगला दगड नाही. आहे ती फ्लिंट, चकमकीच्या जातीची गारगोटी. कोपऱ्यांना आणि खिडक्यांच्या चौकटींना लागणारा चुनखडीचा दगड बार्नॅकच्या खाणींतून किंवा थेट फ्रान्समधल्या काँ शहराहून पाण्याच्या वाटेने यायचा. म्हणून तो जपून वापरलेला दिसतो. फ्लिंट पाणी शोषत नाही, त्यामुळे तिच्याभोवतीचा चुन्याचा माल सावकाश घट्ट होतो. घाईने भिंत चढवली तर ती पोटात फुगते. म्हणून थोडी उंची चढवायची, सुकू द्यायची, मग पुढचा थर. परांचीच्या आडव्या लाकडांची बुजवलेली भोकं रांगेने दिसतात, त्यांच्यावरून काम कोणत्या टप्प्यांनी वर गेलं याचा अंदाज बांधता येतो. थंडीत काम थांबलं की भिंतीच्या माथ्यावर गवत किंवा शेण पसरून ठेवायचे, गोठणाऱ्या पाण्याने ओला माल फुटू नये म्हणून.

खिडकी मूळची की मागाहून घातलेली, हे ओळखण्याची तुमची रीत आम्ही आता सगळीकडे वापरतो. खिडकीच्या नक्षीकडे आधी बघायचंच नाही. चौकटीच्या दोन्ही बाजूंची हातभर भिंत बघायची. फ्लिंटच्या रांगा चौकटीपर्यंत सरळ येत असतील तर दोन्ही एका काळातली. मध्येच रांग मोडली असेल, विटांचे तुकडे किंवा वेगळ्या रंगाचा माल दिसत असेल, तर भोक पाडून खिडकी बसवली आहे. मनोऱ्याच्या पूर्वेकडच्या अंगावर उतरत्या छपराची तिरकी खूण असते, तीही अशीच बोलकी. खूण उभ्या उताराची आणि आजचं छप्पर जवळजवळ सपाट, म्हणजे जुनं गवताचं किंवा कौलांचं छप्पर काढून शिशाचे पत्रे घातलेत. शिसं उन्हात पसरतं आणि थंड झाल्यावर पुरतं मागे येत नाही. उतार जास्त असेल तर वर्षानुवर्षं सरकत राहतं आणि शेवटी फाटतं. म्हणून शिशाला कमी उतार हवा. उतार कमी झाला की भिंती उंचावून वर खिडक्यांची एक रांग घालता येते. 15 व्या शतकातल्या नेव्हमध्ये तो लख्ख उजेड येतो, त्याच्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आत गेल्यावर तुम्ही आधी पिसिनाकडे बोट दाखवता. वेदीच्या दक्षिणेच्या भिंतीतला हा कोनाडा, पूजेची भांडी धुतलेलं पाणी सोडायचा. तो साधारण कमरेच्या उंचीवर असतो. गुडघ्याशी आला असेल तर जमीन मागाहून उचलली आहे, बहुतेक 19 व्या शतकात. चान्सेलच्या कमानीशेजारी भिंतीत उंचावर एखादं दार उघडंबोडकं दिसतं, ते क्रूसापुढच्या माळ्यावर जाण्याचं. 1561 च्या राजाज्ञेने माळे उतरवले, त्यांच्याखालचे, नेव्ह आणि चान्सेल वेगळे करणारे लाकडी पडदे ठेवले, जिना आणि दार तसंच राहिलं.

ब्लाइथबर्गच्या चर्चच्या छपराबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते इथे मुद्दाम लिहितो, कारण उलटी गोष्ट अजून सांगितली जाते. तिथल्या रंगीत लाकडी देवदूतांमध्ये शिशाचे छर्रे सापडले. 1644 मध्ये, चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं मोडायला नेमलेल्या विल्यम डाउसिंगच्या माणसांनी बंदुका झाडल्या असं लोक मानत. डाउसिंगने देवदूत काढायचा हुकूम दिला होता, हे खरं. पण छर्रे 18 व्या शतकातले, छपरात घरटी करणारे डोमकावळे मारताना लागलेले. हेच चर्च 1881 मध्ये धोकादायक म्हणून बंद करावं लागलं होतं. विल्यम मॉरिसने 1877 मध्ये स्थापन केलेल्या जतनसंस्थेने सगळं नवं करण्याऐवजी आहे ते टिकवून दुरुस्त करा, असा आग्रह धरला. आज छपरावर मूळचा रंग दिसतो, त्याला हा आग्रहही कारण आहे.

आता पाण्याचं. आमच्या कामात सर्वात जास्त उपयोगी पडतंय ते हे. जुन्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या की काय होतं, ते तुम्ही एका दरजेशी उभं राहून दाखवलंत: सिमेंट ताठ उभं, आणि भोवतालचा दगड मागे सरकत गेलेला. चुन्याची दरज भिंतीतलं पाणी बाहेर सोडते. सिमेंटची दरज केसाएवढ्या फटीतून पाणी आत घेते आणि आतच अडकवते. मग ओल दगडातून वाट काढते, गोठते, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. उपायही नीट समजावलात. दरज तिच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल खरवडायची, तीही हाताने, यंत्राची चकती दगडाच्या कडा खाते. धूळ काढून भिंत भिजवायची. एक भाग 3.5 प्रतीचा नॅचरल हायड्रॉलिक (ओलाव्यातही घट्ट होणारा) चुना आणि अडीच ते तीन भाग चरचरीत, वेगवेगळ्या कणांची वाळू. माल दाबून भरायचा, दगडाच्या कडेवर चढवायचा नाही. थोडा घट्ट झाल्यावर ताठ ब्रशने ठोकायचा, म्हणजे वाळूचा कण उघडा पडतो. मग ओलं गोणपाट, कित्येक दिवस. पारा 5 अंशांखाली जाणार असेल तर कामाला हातच लावायचा नाही.

दफनांमुळे आणि साचत गेलेल्या मातीमुळे चर्चच्या आवारातली जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच होते, हेही तुमच्यामुळे पाहिलं. भिंतीच्या पायथ्याची ओल पुष्कळदा तिथूनच येते. पण म्हणून लगेच चर खणायचा नाही, कारण पाया उथळ असतो आणि मातीत माणसं पुरलेली असतात. व्हिक्टोरियन काळात खणलेले असे चर पालापाचोळ्याने तुंबून स्वतःच पाणी धरून बसलेत. आधी पन्हळ आणि तिचं पाणी खाली आणणारा नळ साफ करा, मग एक अख्खं वर्ष भिंत बघा, हा तुमचा सल्ला आम्ही कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय.

दर 5 वर्षांनी वास्तुविशारदाकडून पाहणी करून घेण्याची, 1955 च्या कायद्याने सुरू झालेली व्यवस्था तिथे आहेच. पण मधल्या काळात लागणारी तुमची स्वतःची यादी आम्हाला त्याहून मोलाची वाटते: दुर्बीण, टॉर्च, रबरी बूट, आणि जायचं ते भर पावसात. कोरड्या दिवशी नळ फुटलेला कळत नाही. पाऊस चालू असताना कुठली पन्हळ ओसंडते, कुठल्या नळाच्या मागची भिंत हिरवी पडली आहे, हे आवाराला एक चक्कर मारली की दिसतं. नोव्हेंबरच्या शेवटी, पानगळ संपल्यावर, पन्हळ हाताने उपसायची आणि नळाच्या तोंडावर जाळी आहे का ते बघायचं.

वेनहॅस्टनच्या चर्चची गोष्टही तुम्ही पावसाच्याच संदर्भात सांगितली होती. 1892 च्या दुरुस्तीत चान्सेलच्या कमानीतल्या सफेदी फासलेल्या फळ्या काढून बाहेर ठेवल्या, रात्री पाऊस झाला, आणि सकाळी त्यांच्यावर सुमारे 1500 सालचं कयामतीच्या दिवसाचं चित्र दिसू लागलं. तेव्हापासून जुन्या फळीवरची किंवा गिलाव्यावरची सफेदी आम्ही तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय खरवडू देत नाही.

तुम्ही आम्हाला हे सगळं मराठीत, आमच्या गवंड्यांना आणि पाथरवटांना समजेल अशा शब्दांत सांगितलंत, प्रत्येक प्रश्नाला सविस्तर उत्तर दिलंत, आणि मानधनाचं नावही काढू दिलं नाहीत. काका, मनापासून आभार. तुमच्या टिपणांची प्रत आता चुन्याचं काम करणाऱ्या प्रत्येक गवंड्याच्या हातात देतोय. त्यात काही भर घालायची असेल तर जरूर कळवा.

तुमचे,
वास्तूजतन शिकणारे आम्ही सगळे