समुपदेशक नेमाल, पण त्याने कोणाला विचारायचे?

महोदय,

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. तेव्हापासून चर्चा चालते ती पदे आणि मानधनाची. नेमलेल्या माणसाच्या पाठीशी कोण, हा प्रश्न मात्र कोणी काढत नाही.

गणिताच्या शिक्षकाला काही अडले, तर शिक्षक-खोलीत दुसरा गणिताचा शिक्षक सापडतो. समुपदेशक शाळेत एकटाच. आठवीतली मुलगी ‘मॅडम, घरी सांगू नका’ म्हणून सुरुवात करते आणि पुढचे ऐकताना लक्षात येते की हे प्रकरण पॉक्सोचे, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचे आहे. एम.ए.ला आम्ही समुपदेशकांनी गोपनीयता घोकलेली असते. २०१२ च्या या कायद्याचे कलम १९ मात्र माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक करते. मुलीला ते कसे सांगायचे? संशय घरातल्याच माणसावर असेल तर पालकांशी काय बोलायचे? हे त्याच दुपारी एखाद्या जाणत्याला विचारता यायला हवे.

असे जाणते विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांत आहेत. पण त्यांचा आमचा संबंध एवढाच, की त्यांचे विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी येतात, तेही बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन पूर्वपरीक्षांच्या धामधुमीत. सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र घेऊन जातात. समुपदेशकाला बदली तासावर पाठवणे हा शाळांचा आवडता उद्योग आहे, हे त्यांच्या प्राध्यापकांना कळणार तरी कसे?

विभागांनी आसपासच्या शाळांतील समुपदेशकांना महिन्यातून एकदा बोलवावे, मुलांची ओळख उघड न करता प्रकरणांवर चर्चा करावी, आणि अडल्या वेळी फोन उचलणारा एक प्राध्यापक ठरवून द्यावा. हे तास त्याच्या कार्यभारात धरले पाहिजेत. नुसता उत्साह दिवाळीपर्यंत टिकतो. प्रात्यक्षिक जूनपासून वर्षभर चालावे, म्हणजे एखादे मूल हळूहळू बोलते कसे होते, ते भावी समुपदेशकांना पाहता येईल. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाच्या बैठकीला शाळेत प्रत्यक्ष काम करणारी एक तरी व्यक्ती असावी.

यासाठी नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. शिक्षण उपसंचालक कार्यालय आणि विद्यापीठ यांनी मे महिन्यात एकत्र बसून निदान वर्षाचे वेळापत्रक तरी ठरवावे.

– एक शालेय समुपदेशक, नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)