पेजेचा टोप अजून आमच्याकडेच आहे

गावच्या महिला मंडळातल्या सगळ्या काकी, मावशी आणि वहिनींना सप्रेम नमस्कार.

हे पत्र फार आधी लिहायला हवं होतं. आई दर फोनला विचारते, "लिहिलंस गं?" आणि मी पणजीतल्या नोकरीचं कारण पुढे करते.

२३ जुलै २०२१ ला म्हादई नदीचा पूर आपल्या सत्तरी तालुक्यात शिरला. १९८२ नंतर एवढं पाणी पाहिलं नाही, असं जुनी माणसं सांगत होती. आमच्या मातीच्या घराची मागची भिंत पाणी चढताना उभी होती, ओसरल्यावर बसली. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. तोवर तुम्ही स्वयंपाकघरातला चिखल घमेल्यांनी उपसून टाकला होता, आईला कुणाचं तरी कोरडं लुगडं नेसवलं होतं आणि पायरीवर उकड्या तांदळाच्या पेजेचा टोप आणि मिठातली तोरं, म्हणजे खारवलेल्या कैऱ्या, ठेवली होती. तुमच्यातल्या दोघींच्या घरातही पाणी शिरलं होतं, हे मला नंतर, तेही दुसऱ्यांकडून कळलं.

पुढचे कितीतरी दिवस तुम्ही पाळीपाळीने आलात. त्याबद्दल आभार मानले तर तुम्हीच मला दामटाल. म्हणून खरं ज्यासाठी लिहायला बसले, ते सांगते.

बाबा गेल्यापासून आई धालोंच्या मांडावर, पौषात बायका जिथे ओळीने गात नाचतात त्या अंगणात, उभी राहिली नव्हती. नवरा गेलेल्या बाईने कडेला बसून गीत सांगावं, पण ओळीत शिरू नये, ही आमच्या वाड्यावरची रीत. कोणी ती लिहून ठेवली नव्हती, कोणी मोडतही नव्हतं. पुरानंतर तर आई गीतही सांगेना. विचारलं तर म्हणायची, पाण्याबरोबर गेली ती.

मग एका पौषात तुम्ही तिला न्यायला आलात. मांड सारवून तयार होता. आई नेहमीसारखी कडेला बसायला निघाली, तेव्हा तुमच्यातल्या सगळ्यांत वयस्क काकी म्हणाल्या, "गितां हिका येतात, आनी उबीं आमी रावपाची?" बस्स, एवढंच. समोरासमोरच्या दोन ओळींपैकी एकीत तिच्यासाठी जागा झाली. कुणीतरी तिच्या कमरेला हात घातला आणि नमन सुरू झालं. पहिल्या दोन गीतांत ती अडखळली. तिसरं तिनेच उचललं.

त्यावरून घरोघरी चर्चा झाली, हेही मला माहीत आहे. परंपरा सांभाळणाऱ्या मंडळानेच रीत मोडली, असं काहीजण बोलले. मला वाटतं, धालो कशासाठी असतात ते तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. स्पर्धेच्या रंगमंचावर मी धालो पाहिले आहेत. तिथे ओळी प्रेक्षकांकडे तोंड करतात, दहा मिनिटांत सगळं आटोपतं, साड्या एका रंगाच्या असतात. छान दिसतं, नाही कशाला म्हणू? पण मांडावर बायका एकमेकींकडे तोंड करून उभ्या असतात, आणि पुरुषांना तिथे मज्जाव असतो. एका ओळीने म्हटलेलं दुसरी ओळ झेलते. आईला नेमकं तेच हवं होतं.

आता ती शाळेतल्या मुलींना फुगडीची गीतं सांगते. तुम्हीच तिला त्या कामाला जुंपलंत. मुली मोबाइलवर रेकॉर्ड करतात आणि ही त्यांना दटावते, "आधी तोंडाने म्हण, मग यंत्रात घाल." चवथीला गणपतीवर माटोळी, म्हणजे फळापानांची चौकट, बांधताना कुठलं रानफळ कुठून आणायचं, यावरही तिचं तुमच्याशी भांडण झाल्याचं ऐकलं. भांडते आहे, म्हणजे बरी आहे.

तर, तुमचा टोप अजून आमच्याकडेच आहे. पुराच्या वेळचाच तो, एका कानाला पोचा आलेला. आई म्हणते, रिकामा परत द्यायचा नसतो, आणि काय घालून द्यावं ते तिचं अजून ठरत नाही. या रविवारी मी येते आहे. तिला विचारत बसणार नाही, पातोळ्या घालून घेऊन येईन. हळदीची पानं तेवढी तुमच्या परसातली लागतील.

तुमचीच,
खालच्या वाड्यावरची बाय