सूचना : डोळ्यांची पूर्ण तपासणी

सर्व सभासदांना नमस्कार.

जवळपास डोळे कुठे तपासावेत, असं बऱ्याच जणांनी विचारलं. चष्म्याच्या दुकानातली दहा मिनिटांची मोफत तपासणी म्हणजे फक्त नंबर. (मीही वर्षानुवर्षं त्यावरच समाधान मानलं.) पूर्ण तपासणीत डोळ्याचा दाब आणि थेंब घालून आतला पडदाही पाहतात. काचबिंदू (सहसा डोळ्याचा दाब वाढून नजर कमी करणारा आजार) बहुधा दुखत-खुपत नाही, त्यामुळे दाब बघायलाच हवा. मधुमेह असलेल्यांनी पडद्याची तपासणी दरवर्षी करावी.

घराजवळ ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून नंबर काढणारे, पण ऑपरेशन न करणारे) शोधताना चार वर्षांची पदवी आहे का आणि दाब मोजतात का, हे फोनवरच विचारा. ऑपरेशन किंवा उपचार लागले तर ते नेत्रतज्ज्ञांकडे पाठवतात. पुण्यात हडपसरच्या बाजूला राहणाऱ्यांना महंमदवाडीचं ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय सोयीचं पडेल.

जाताना जुना चष्मा, नंबरचा कागद आणि चालू औषधांची यादी न्या. थेंबांनंतर काही तास अंधूक दिसतं, ऊन सहन होत नाही. तेव्हा स्कूटर घरी ठेवा, रिक्षाने जा, सोबत कुणाला तरी न्या.

अचानक काजवे चमकले किंवा डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं वाटलं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

– चिटणीस